उतारावरचा आग्रह

आमची प्रशिक्षिका मोराग पहिल्याच तासाला म्हणाली, "हिमस्खलनात माणसं सापडतात ती पुष्कळदा भिडेपोटी. एकाला धोका दिसतो, पण बाकीच्यांचा विरस नको म्हणून तो गप्प बसतो. म्हणून नियम एकच. कोणीही 'नो' म्हणालं की सगळ्यांनी मागे फिरायचं. कारणसुद्धा विचारायचं नाही."

आम्ही चौघांनी माना डोलावल्या. मग अलकाने चकल्यांचा डबा पुढे केला. मोराग म्हणाली, "नो, थँक यू."

"अगं, एक तरी!" अलका म्हणाली. घरी केल्यात, तिखट नाहीत, चहाबरोबर घे, असं करत करत तास संपला तेव्हा मोरागच्या हातात चकल्यांची पिशवी होती आणि आपण नेमकं काय शिकवलं, याचा तिला जरा विसर पडला होता.

चौघं म्हणजे मी, माझा नवरा शशिकांत, यतीन आणि त्याची बायको अलका. सगळे इंग्लंडातल्या रीडिंगचे. हिवाळ्यात स्कॉटलंडचे डोंगर चढायचं खूळ यतीनचं. ऑफिसात तो प्रोजेक्ट मॅनेजर, त्यामुळे मरणाचीही त्याने रंगीत तालीम ठेवली. बर्फाखाली गाडलेला माणूस शोधता यावा म्हणून असतो तो बीप-बीप करणारा ट्रान्सीव्हर गळ्यात अडकवून तो आपल्याच बागेत घरातल्या झाडून सगळ्या दुलयांखाली जाऊन पडला आणि आम्ही त्याला शोधायला लागलो. शेजारच्या म्हातारबुवांनी कुंपणावरून विचारलं, "तो ठीक आहे ना?"

"अजून श्वास चालू असेल," अलका म्हणाली. "आम्ही बघतोच आहोत."

शशिकांतने लांब दांडी खुपसून त्याला शोधलं. ती यतीनच्या पोटात लागली. तालीम यशस्वी झाली.

माझी काळजी वेगळीच होती. शशिकांतच्या 'नको'ला आजवर कोणी भाव दिलेला नाही. पहिलं 'नको' रीतीचं, दुसरं ऐकून घेण्याचं, आणि तिसरं तोंडातून निघेपर्यंत पानात बासुंदी पडलेली असते. आमच्या मराठी मंडळाचा खजिनदारही तो असाच झाला. आणि या सहलीतही असाच आला. एकदा चहा पिताना मला म्हणाला, "मला भीती वाटते गं."

"मग यतीनला सांग ना."

"सांगितलं की. तो म्हणाला, शशिकांतराव, किती लाजता!"

म्हणजे डोंगरावर याला खरोखर धोका दिसला तर हा 'नको' म्हणणार, कोणी ऐकणार नाही, आणि हा हसून पुढे पाऊल टाकणार. रीडिंगमध्ये असताना मला दुसरं काही सुचत नव्हतं.

स्कॉटलंडात चढाईच्या दिवशी सकाळी यतीनने गाडीत हिमस्खलनाचा अंदाज मोठ्याने वाचला. ईशान्येकडच्या उतारांवर धोका 'कन्सिडरेबल', पाचातली तिसरी पायरी. "म्हणजे 'हाय' नाही ना!" म्हणत त्याने फोन खिशात टाकला.

वर पोचलो तेव्हा वारा पडला होता आणि आकाश निळंभोर. रात्रभर वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ समोरच्या उतारावर फुगून बसला होता, गुळगुळीत, एकाही पावलाचा ठसा नसलेला. तो आडवा ओलांडला की शिखराची वाट. शशिकांत पुढे होता. त्याने खडकावरून एक पाय बर्फात टाकला मात्र, आतून कोणीतरी उसासा टाकल्यासारखा 'हुम्फ' असा आवाज आला आणि त्याच्या बुटापासून एक बारीक चीर सरसर पुढे धावत गेली.

त्याने पाय मागे घेतला. "नको," म्हणाला.

"अहो शशिकांतराव!" यतीन म्हणाला. "इतक्या लांब आलात आणि तसेच जाणार?"

"नको, खरंच."

"भाऊजी, थोडंसं," अलका म्हणाली. "निम्म्यापर्यंत तरी."

"बरं, माझ्यासाठी नको," यतीन म्हणाला. "वहिनींच्या नावाने चार पावलं!"

आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्याही तोंडून निघालं, "अरे, ते एवढं म्हणतायत तर..." वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काय. तीन-साडेतीन हजार फुटांवर, ती चीर डोळ्यांदेखत दिसत असताना, आम्ही तिघं एका माणसाला हिमस्खलनाचा आग्रह करत होतो.

शशिकांत हसला. ते हसणं मला पाठ आहे. त्याचा बूट उचलला गेला.

मग काय झालं कोण जाणे, त्याने बूट परत खडकावर ठेवला, गुडघे टेकले, पुढे वाकला आणि दोन्ही पंजे पसरून उतारावर आडवे धरले. पोट गच्च भरलेला माणूस शेवटी पानावर धरतो, तसे.

अलकाची काठी पुढे आली होती, ती आपोआप मागे गेली. वाढणारा कितीही निर्ढावलेला असो, आडव्या हातांवर कोणी आमटी ओतत नाही.

"राहिलं," यतीन पुटपुटला.

तेवढ्यात मागून चार तरुण पोरं आली. "लव्हली डे!" म्हणत आमच्या बाजूने उतारावर उतरली आणि गप्पा मारत पलीकडे गेलीसुद्धा. काही झालं नाही. आम्ही आणखी थोडं थांबलो. तरी काही नाही. पलीकडून एकाने हातही हलवला.

"बघा," यतीन म्हणाला.

शशिकांत अजून गुडघ्यांवरच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "जाऊया का मग?" तोच जुना, मऊ आवाज.

जा म्हणायचं नव्हतं, नको म्हणायचं नव्हतं. मी दातांखाली जीभ धरून उभी राहिले. इतकं कठीण काम मी संसारात दुसरं केलेलं नाही.

तो उठला. गुडघ्यांवरचा बर्फ झटकला. "नाही. माझं नकोच आहे," म्हणाला आणि मागे कोण येतंय हे न बघता उतरायला लागला.

मागोमाग मी, अलका, आणि बऱ्याच अंतरावर फुरंगटलेला यतीन.

"चुकलोही असेन," शशिकांत वळून न बघता म्हणाला.

"असशील," मी म्हणाले.

"यतीनचा विरस झाला."

"झाला."

मग त्याने चाल वाढवली, आणि वरून यतीनने "अहो, जरा थांबा की!" अशी हाक मारली तरी तो थांबला नाही.