आधी बर्फ, मग गरम पाणी

ऐका ना मित्रांनो, मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर माझा धागा सुटेल! मी आहे लाल रबराची, जुनी, शेकायची पिशवी. कारखान्यातल्या साच्यातून निघाले तेव्हा अंगावर छान रेघा होत्या, आता झिजून गुळगुळीत झालेय. बूच मात्र अजून घट्ट! आधी आजीची कंबर शेकली, मग आईचा खांदा. सगळे कौतुक करायचे आणि बरं वाटलं की द्यायचे खुंटीला टांगून.

मग मी ताईच्या वाट्याला आले. ताई म्हणजे घरातली मोठी मुलगी, फुटबॉलच्या संघात गोलकीपर. चेंडू तिला ओलांडून जातच नाही, म्हणून मैत्रिणी तिला 'भिंत' म्हणतात. पण दर महिन्याला तिचं अर्धं डोकं असं ठणकायचं की बापरे! उजेड नको, आवाज नको, वर उलट्या. बाबा माझ्यात बर्फ भरायचे नि कपाळावर ठेवायचे. एक-दोन दिवसांत पाळी यायची, की तेच बाबा गरम पाणी भरून मला पोटावर ठेवायचे. आज गारठायचं, उद्या भाजायचं, माझा जीव अगदी मेटाकुटीला!

आई म्हणायची, "बघ अजून मोबाईल!" मैत्रिणी म्हणायच्या, "आमच्या भिंतीला महिन्याच्या महिन्याला तडा जातो गं!" आणि कोच मॅडमनी तर सांगूनच टाकलं, "ही नाटकं बंद. आता सराव बुडवलास तर फायनलला गोलमध्ये दुसरी मुलगी." ताई इतकी रडली, इतकी रडली!

पुढच्या ठणक्याला बाबा तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मीही होते, बर्फासकट, कपाळावर! बाबांना गप्प कुठे बसवतं? म्हणाले, "डॉक्टर, हिचं काही कळत नाही बघा. आधी बर्फ मागते, लगेच गरम पाणी. काय ते एक ठरव म्हणावं!"

डॉक्टरीणबाई एकदम पुढे झुकल्या. "दर वेळी असंच? आधी बर्फ, मग गरम पाणी?"

"हो, दर महिन्याला."

"अहो, मग अर्धं निदान तुम्हीच केलंत की! पाळीच्या तोंडावर अंगातलं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन झपकन खाली येतं. सगळ्याच मुलींचं येतं, पण काहींच्या मेंदूला तो उतार सोसत नाही. मग हे मायग्रेन उठतं."

ताईने हळूच विचारलं, "म्हणजे मी नाटक करत नाही ना?"

"अजिबात नाही गं बाळा!"

औषध मिळालं. पहिल्या ठणक्यालाच घ्यायचं, सोसत बसायचं नाही. ते दिवस जवळ आले की जेवण चुकवायचं नाही, झोप मोडायची नाही. ताई थेट कोच मॅडमकडे गेली नि सगळं सांगितलं.

"मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते मॅडम. तुम्ही नाटक म्हणालात."

मॅडम ओशाळल्या. "चुकलंच माझं. गोलमध्ये तूच."

आणि फायनल नेमकी त्याच दिवसांत आली! सकाळी कानशिलात ठणका लागला. ताईने औषध घेतलं, पोटभर खाल्लं, अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडली. बाबा मला आणि बर्फाचा डबा घेऊन मैदानावर हजर. सामना बरोबरीत सुटला, पेनल्टींत आम्ही एका गोलने पुढे, शेवटची पेनल्टी त्यांची, समोरची मुलगी धावत आली आणि ताईने अशी झेप घेतली, अशी घेतली, की चेंडू मुठीवर आपटून बाहेर! जिंकलो!! ताई मैदानभर पळत सुटली आणि मी बाबांच्या झोळीत कोरडी ठणठणीत! काहीच काम नसल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तर मित्रांनो, मला वापरून झालं की पाणी काढून वाळवा, नाहीतर रबर चिकटतं. मला खुंटीवर विसरलात तरी चालेल. पण घरात कुणी डोकं धरून बसली, तर थट्टा नको. "केव्हा केव्हा दुखतं गं?" एवढं विचारा, डॉक्टरांकडे न्या. पुढचं मैदान ती मारेल!