ढब्बू-चिमणी बोलणार कधी?

गेली सहा वर्षं ढब्बू आणि चिमणी शाळेच्या शेवटच्या वर्गातच होती. नापास झाली म्हणून नव्हे. त्यांची परीक्षाच कुणी होऊ देत नव्हतं. एकदा पेपर फुटला, एकदा शाळेला आग लागली, एकदा ऐन परीक्षेच्या सकाळी ढब्बूचा पाय मोडला आणि तो बरा होतोय तोवर चिमणीची स्मृती गेली. ती परत यायला एकशे चाळीस भाग लागले.

मालिका सुरू झाली तेव्हा दोघं नऊ वर्षांची होती, पडद्यावरही आणि खरीही. आता पडद्यावर पंधरा आणि खरी एकवीस. ढब्बू दिवसातून दोनदा दाढी करायचा. चिमणीच्या वेण्या घालणाऱ्या बाई रोज म्हणायच्या, "अगं, तुझ्या वयाची असताना माझ्या पदरात दोन पोरं होती!"

या दोघांचे संवाद पहिल्या भागापासून मावशी लिहीत होती. वय सदुसष्ट, चष्म्याचा नंबर विचारू नये इतका. स्टुडिओत कुणाला काय आठवत नसेल तर मावशीला विचारायचं, अशी रीतच पडली होती. चित्रीकरण चालू असताना चिमणीचा दुधाचा दात पडला, तेव्हा मावशीने जागच्या जागी तो प्रसंगात घालून टाकला होता. ढब्बूचा आवाज फुटला, तेव्हा तीन आठवडे त्याला घसादुखी लिहून दिली होती. स्वतःच्या भाच्यांचे वाढदिवस ती विसरायची, पण ढब्बूला गोवर कितव्या भागात झाला ते झोपेतून उठवलं तरी सांगायची.

आणि तिच्याकडे एक वही होती, अडथळ्यांची. ढब्बू चिमणीला मनातलं सांगायला तोंड उघडणार, आणि तेवढ्यात काहीतरी व्हायचं, हा मालिकेचा प्राण होता. तोच अडथळा वर्षाच्या आत पुन्हा आला की प्रेक्षक पत्रं पाठवून लाज काढत. म्हणून मावशी लिहून ठेवायची: दारावरची बेल, उतू गेलेलं दूध, शिंक, आत्या, वीज, मांजर, पुन्हा आत्या. गेल्या आठवड्यात एकशे त्रेचाळिसावा अडथळा झाला होता. ढब्बूच्या तोंडात माशी गेली.

"मावशी, शेवटी बोलतील ना ती दोघं? तो प्रसंग तुम्हीच लिहायचा," असं मुख्य लेखकाने तिला पूर्वी वचन दिलं होतं. त्याला सगळे पाल्हाळबुवा म्हणत, अर्थात पाठीमागे. त्या एका प्रसंगासाठी मावशी थांबली होती. डोळे साथ देत नव्हते, मुलगी "आता पुरे कर गं आई" म्हणून कंटाळली होती. मावशीचं उत्तर ठरलेलं, "पोरं बोलली की पुरे करते."

त्या सोमवारी बैठकीला चॅनेलवाली आली. तिशीची, चुणचुणीत, बसायच्या आधीच निर्णय सांगणारी.

"प्रेक्षक घटलेत. आपण लीप घेऊ या, काळाची उडी. 'पंधरा वर्षांनंतर' अशी पाटी. दोघं तिशीची, नवे कलाकार, आठ वर्षांची गोड मुलगी. गोष्ट नव्याने सुरू."

"वा!" पाल्हाळबुवा म्हणाला. त्याला पुढची दहा वर्षं दिसली.

"म्हणजे लग्न झालेलं?" मावशीने विचारलं.

"हो."

"मग एकमेकांशी बोलली कधी?"

"मधल्या काळात."

"कुठल्या मधल्या काळात?"

"पाटीच्या मागे, मावशी."

मावशीने चष्मा काढला. "बारा वर्षं मी यांना माशा, मांजरं, आत्या पुरवल्या. आणि बोलणार कुठे, तर पाटीच्या मागे? जेवायला वाढून ताट उचलून न्यायचं म्हणतेस?"

बुवा कपाटाकडे बघत राहिला. दिलेलं वचन बोचत असावं.

"एक प्रसंग द्या मला," मावशी म्हणाली. "आधी सहा वर्षांची पाटी लाव. परीक्षा पाटीमागे उरकू दे, त्याला माझी ना नाही. मग माझा प्रसंग. मग तुझी नऊ वर्षांची पाटी. लग्न, मूल, सगळं बसतं त्यात."

"म्हणजे त्यात दोघं एकवीस वर्षांची असणार?"

"आहेतच की!"

चॅनेलवालीने घड्याळ पाहिलं. "तीन मिनिटं देते. गुरुवारी चित्रीकरण."

मावशी दोन दिवस लिहीत होती. साठवलेलं सगळं बाहेर आलं. ढब्बू बोलतोय तर थांबेचना; त्यात बालपण आलं, शाळेचा बाक आला, काळजाचे ठोके आले. अकरा पानं झाली. बुधवारी दुपारी तिने दोघांना मेकअपच्या खोलीत बसवून ती वाचून दाखवली.

ढब्बू नखं बघत होता. चिमणी ओठ चावत होती.

"काय झालं? आवडलं नाही?"

"तसं नाही गं मावशी," ढब्बू म्हणाला. "पण एवढं बोललो तर ती मध्येच उठून जाईल."

"चौथ्या पानावर," चिमणी म्हणाली. मग जरा घुटमळली. "मावशी, रागावू नकोस. पण आमचं झालंय हे बोलून."

"काहीतरीच! वही काढू का? एकशे त्रेचाळीस वेळा—"

"वहीत नसेल. पहिल्या वर्षी, जिन्यावरचा प्रसंग. मी म्हणते, 'मोठी झाल्यावर मी तुझ्याशीच लग्न करणार, नाहीतर तुझ्या बुटाच्या नाड्या कोण बांधणार?' आणि हा म्हणतो, 'बरं.' माझं पहिलं मोठं वाक्य होतं ते. नऊ वेळा चुकले होते, तू खडीसाखर दिली होतीस."

मावशीला ती खडीसाखर आठवली. वही चाळायची गरजच नव्हती. वहीत फक्त अडथळे होते. त्या प्रसंगात कुणी शिंकलं नव्हतं, आत्या आली नव्हती, म्हणून त्याची नोंदच नव्हती. पोरं बोलून मोकळी झाली होती, आणि मोठी माणसं पुढे त्यांची तोंडं दाबत बसली होती.

बातमी दारात उभ्या असलेल्या चॅनेलवालीने ऐकली. तिला आनंद झाला. "मग प्रश्नच मिटला! जुना तुकडा दाखवू, थेट पंधरा वर्षांची पाटी लावू. नवा प्रसंग कशाला?"

पाल्हाळबुवा मागेच होता. मावशीने त्याच्याकडे पाहिलं, तसं त्याने घसा खाकरला. पण मावशीच आधी बोलली.

"नऊ वर्षांच्या पोरीने दिलेला शब्द आहे तो. तू नऊ वर्षांची असताना काय होणार होतीस गं?"

"सर्कशीत," चॅनेलवाली नाइलाजाने म्हणाली.

"मग? गेलीस? पोरांना मोठं करायचं तर मोठेपणी पुन्हा विचारावं लागतं. तेवढं राहिलंय."

"तीन मिनिटं नाहीत आता माझ्याकडे."

"एक दे. अर्धं पान लिहिते."

"द्या," पाल्हाळबुवा म्हणाला. "माझ्या प्रसंगातलं मिनिट कापा." बारा वर्षांत त्याने स्वतःचं एक वाक्य कापू दिलं नव्हतं. चॅनेलवालीने मान डोलावली.

मावशीने अकरा पानांच्या शेवटच्या पानाची मागची बाजू घेतली आणि तिथेच, पावडरच्या डब्यावर कागद ठेवून लिहिलं.

गुरुवारी सकाळी जिन्यावर दिवे लागले. ढब्बूने दाढी केली नव्हती. चिमणीचे केस मोकळे होते. दोघं पायरीवर बसली, अगदी शेजारी नव्हे, मध्ये एक पिशवी मावेल एवढ्या अंतरावर.

"लहानपणी मी तुला इथे काहीतरी बोलले होते," चिमणी म्हणाली.

"तू खूप काही बोलायचीस."

"नाड्यांचं."

"हां. ते."

"नऊ वर्षांची होते मी. ते धरून बसू नकोस."

"नाही धरलं. आता मला नाड्या बांधता येतात."

"माहीत आहे. मी बांधू का?"

"तरी विचारतेस?"

"तरी विचारतेय."

ढब्बूने खाली पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. मालिकेत एवढ्या वेळात तीन अडथळे उरकले असते. आज कुणी हललंसुद्धा नाही.

"बरं," तो म्हणाला.

दिग्दर्शकाने 'ओके' दिला आणि सवयीने पुढे म्हणाला, "छान. आता आणखी एक टेक घेऊ, असावा म्हणून."

"नाही घ्यायचा," मावशी स्टुलावरून उठली. गुडघा कुरकुरला, तरी ती सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "असलं काही दोनदा विचारत नाहीत."

"अहो मावशी, पण शेवटी चित्र जरा अंधुक आलंय."

"मलाही अंधुकच दिसत होतं," चष्मा पदराला पुसत मावशी म्हणाली. "राहू दे तसंच."