मैनाबाईंची चाळीस गाणी

मित्रांनो, बडनेऱ्याच्या एका रेल्वे क्वार्टरमध्ये, लॅपटॉपशेजारी मी पडून आहे. मी एक जुनी हार्ड डिस्क. पाकिटाएवढा जीव आणि अंगावर एक निळा दिवा. मला कळतं सगळं, पण बोलता येत नाही. आज बोलता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

रेल्वेत नोकरी करणाऱ्या अनुपने मला अमरावतीच्या दुकानातून आणलं. तेव्हा माझी ऐट काय विचारता! लग्नांचे व्हिडिओ, सहलीचे फोटो, सगळं मी पोटात घेतलं. "लय कामाची वस्तू हाये," असं तो पाहुण्यांना सांगे. मग मोबाइलमध्येच सगळं मावू लागलं आणि मी कपाटात गेले.

मागच्या वर्षी अनुपची आई, मैनाबाई, गेल्या. भातकुलीच्या विहारात त्या तीस वर्षं गायल्या. त्यांची एकेचाळीस गाणी नवऱ्याने, देवरावांनी, कॅसेटांवर भरून ठेवली होती. मैनाबाईंचा एक नेम होता. गाणं कोणतंही असो, आधी पेटीवर तोच सूर, आधी त्रिशरण, मग गाणं. त्यात कधी तसूभर फरक पडला नाही. लोक याचंच कौतुक करत. हे कौतुक लक्षात ठेवा मित्रांनो, पुढे त्यानेच घात केला.

कॅसेटांना बुरशी धरली, तेव्हा अनुपने मला कपाटातून काढलं. गाणी लॅपटॉपवर उतरवून माझ्यात ठेवायची होती. अकोल्याला शिकणाऱ्या त्याच्या मुलीने, रश्मीने, फोनवर बजावलं, "पप्पा, वाजवाचं वेगळं घ्या, फाइल बदलवाचं वेगळं घ्या. साधं सॉफ्टवेअर घ्या. अन् टाकाच्या आंधी वाचत जा."

"एकच सगळं करून राहिलं तं दोन-दोन कावून टाकू?" अनुप हसला.

त्याने निवडलेलं सॉफ्टवेअर खरंच सगळं करत होतं. गाणी वाजवायचं, त्यांचा प्रकार बदलायचं, आणि नीट लावूनही ठेवायचं. ते लॅपटॉपवर बसवताना पडद्यावर चार पाट्या आल्या. तिसऱ्या पाटीवर एका चौकोनात आधीच बरोबरची खूण होती: 'सारखी गाणी आपोआप काढून टाका.' अनुपने चारही वेळा न वाचता 'पुढे' दाबलं. मला तेव्हाच धास्ती वाटली.

एकेक करून एकेचाळीस गाणी माझ्यात आली. अनुपने दोन ऐकली, खूश झाला, आणि कॅसेटा कचरागाडीत टाकायला निघाला. देवराव दारापर्यंत गेले. पिशवीतली एक कॅसेट त्यांनी हातात घेतली, पुसली आणि परत ठेवली. "आता डिस्कमंदी हायेत ना," असं ते स्वतःलाच म्हणाले.

त्याच दुपारी, घरात कोणी नसताना, ते सॉफ्टवेअर साफसफाईला लागलं. प्रत्येक गाण्याची फक्त सुरुवात ते तपासत होतं. तीच पेटी, तेच त्रिशरण. म्हणजे गाणं तेच, असा त्याचा निवाडा. चाळीस गाणी त्याने काढून टाकली आणि एक ठेवलं. मी नुसता दिवा लुकलुकवत राहिले. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

काल मैनाबाईंचा पहिला स्मृतिदिन होता. विहारात माणसं जमली. देवराव म्हणाले, "रश्मीच्या नामकरणाले म्हटलं होतं, ते लाव." अनुप शोधतच राहिला. शेवटी उरलेलं एकच गाणं तीनदा वाजलं. घरी आल्यावर देवराव जेवले नाहीत.

मित्रांनो, ती चाळीस गाणी अजून माझ्यात आहेत. पुसलं की फक्त नावं जातात, आणि त्यांच्या जागेवर 'रिकामी' अशी पाटी लागते. त्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं, की मग ती कायमची गेली. रश्मीला हे ठाऊक आहे. सकाळीच तिचा फोन आला होता. "पप्पा, मी निघाली. मी येतपर्यंत त्या डिस्कमंदी काहीच टाकू नका."

पण अनुपच्या जिवाला चैन नाही. उशीर झाला तर गाणी विरून जातील, असं त्याच्या मनाने घेतलं आहे. त्याने आणखी एक सॉफ्टवेअर शोधलं आहे, गेलेल्या फाइली परत आणणारं. लॅपटॉप भरला आहे. 'कुठे ठेवू?' असं त्या पाटीवर विचारलं आहे. माझ्यात तर जागाच जागा दिसते.

मित्रांनो, जपून ठेवायची वस्तू एकाच ठिकाणी ठेवू नका. पाटी वाचल्याशिवाय 'पुढे' दाबू नका. आणि चूक झालीच, तर घाईने ती निस्तरायला जाऊ नका. थोडं थांबा. रश्मीच्या गाडीने मूर्तिजापूर सोडलं आहे.

अनुपने माझं नाव निवडलं. 'पुढे' दाबलं. माझा निळा दिवा भराभर लुकलुकतो आहे. जिथे नामकरणाचं गाणं होतं, नेमकी तीच जागा परत आलेल्या दुसऱ्या गाण्याने आधी भरते आहे.

देवराव खुर्ची ओढून जवळ आले. "येऊन राहिलं का रे?"

"येऊन राहिलं, बाबा," अनुप म्हणाला.