दरसालचं शेवाळ

पाऊस उघडून आठवडा झाला, तरी स्लॅबवरचं शेवाळ वाळायचं नाव घेईना. दगडोबा खुरपं घेऊन उकिडवा बसला होता. हातभर खरवडलं की गुडघे बोंब मारायचे. पलीकडच्या कोपऱ्यात लिंबाजी मिस्त्री तारेच्या ब्रशनं घासत होता. सकाळपासून दोघं एकमेकांशी धड बोलले नव्हते.

बोलणार तरी काय? शिरूर अनंतपाळजवळच्या या गावात बारा वर्षांपूर्वी हा स्लॅब लिंबाजीनंच टाकला होता. आता खालून त्याच्या खपल्या पडायला लागल्या होत्या आणि आतली सळई गंजून फुगलेली दिसत होती. नांदेडला नोकरीला असलेला दगडोबाचा मुलगा बालाजी गावभर सांगून गेला, मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं म्हणून. तेव्हापासून दोन वर्षं लिंबाजीला गावात कुणी साधी न्हाणी बांधायलाही बोलावलं नव्हतं. येत्या रविवारी बालाजी चार माणसं बसवून त्याला जाब विचारणार होता. म्हणून लिंबाजी आज आपण होऊन आला होता, शेवाळ काढून दोष कुठं आहे ते एकदा डोळ्यांनी बघायला. पोरानं ज्याला चोर ठरवलं त्याच्या शेजारी बसून घासायचं, हे दगडोबाला गुडघ्यांपेक्षा जड जात होतं.

दुपारपर्यंत कसाबसा स्लॅब मोकळा झाला. दगडोबा धापा टाकत खाली गेला आणि खडे मिठाची गोणी जिन्यावरून ओढत वर घेऊन आला.

"हे कशाला, आबा?"

"शेवाळाला. दरसाल टाकायलो की. बाप जुन्या घराच्या माळवदावर टाकायचा, गवताचं पातं उगवत नव्हतं."

लिंबाजीनं ब्रश खाली ठेवला. "स्लॅब झाल्यापासून टाकायलाव?"

"एक साल चुकवलं न्हाई."

"माळवद मातीचं असतंय, आबा. त्यात लोखंड न्हाई." लिंबाजी हळूच खाली बसला. "सळई मिठानं खाल्ली."

दगडोबाच्या हातून गोणी सुटली. बापाची एवढी एकच गोष्ट त्यानं इमानानं सांभाळली होती, आणि तिनंच घर पोखरलं होतं. गप्प बसता आलं असतं. वर दोघंच होते, आणि मिस्त्रीचं कुणी ऐकलं नसतं. तसा विचार मनात आला याचीच त्याला लाज वाटली.

"दोन वर्षं मी माझाच हात तपासायलो," लिंबाजी म्हणाला. "म्हटलं, इतके लोक म्हणतेत, तर चुकलंच असंल माझं काहीतरी."

दगडोबानं तिथंच बालाजीला फोन लावला. "रविवारी माणसं बसव. पण जाब मला विचार. स्लॅब मी खराब केलाय, मीठ टाकून टाकून." पलीकडून बालाजी बोलतच राहिला, तसा दगडोबानं फोन बंद केला.

"मिस्त्री, रविवारी तूबी ये. तुझ्यासमोर सांगतो सगळ्यायला."

लिंबाजीनं बादलीतल्या पाण्यात हात खळबळले, ब्रश पिशवीत टाकला. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना आनंद. माणूस नुसता थकला होता.

"मी कशाला, आबा? चोर म्हणले ते माझ्या माघारी. आता न्हाई म्हणायचं तेबी माघारीच म्हणा."

आणि तो जिना उतरून गेला.