अर्ज कुणाच्या नावे?

"निजामसाहेबाला लिव्हा," भामा म्हणाली. "त्यांनी मनावर घेतलं की समदं हुतंय."

अप्पारावांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. समोर उकिडवी बसलेली ही बाई बिलोलीकडची. काल हैदराबादेत काचीगुडा स्टेशनावर उतरली आणि विचारत विचारत मुसीकाठी हायकोर्टापर्यंत आली. दिवाळीच्या आधी तिच्या नवऱ्याला, दत्तोबाला, पोलिसांनी शेतातून उचललं होतं. बंडखोरांना भाकरी दिल्याचा संशय. खटला नाही, तारीख नाही. आता चैत्र लागला होता.

"दिली होती का भाकरी?" अप्पारावांनी विचारलं.

"दारात आलेल्याला नाई कसं म्हनावं? चार गडी आले, जेवले, गेले. जेवणाऱ्याचं नाव कोन इचारतंय?"

"हौ, तेही खरं."

अप्पाराव अर्जनवीस होते. हायकोर्टाच्या भिंतीलगत सतरंजी टाकून एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज लिहिले होते. त्यांची उर्दू अशी की मोठे वकीलही मायना त्यांच्याकडून लिहून नेत. आला हजरत निजामांचे किताब आणि दुवा यांतच अडीच ओळी जायच्या, मग अर्जदाराचं दुःख यायचं. जमीन असो, तुरुंग असो, पाण्याचा पाट असो की विधवेची पेन्शन, सगळ्या वाटा निजामांच्या दाराशी, एकाच ड्योढीला जात. फर्मान निघालं तर काम झालं, नाही निघालं तर नशीब.

जानेवारीत राज्यघटना लागू झाली. तोफा झाल्या, मिठाई वाटली गेली. निजाम आता राजप्रमुख झाले हे अप्पारावांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. म्हणजे नक्की काय झालं, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं अर्ज लिहिणाऱ्यानं असलं विचारायचं म्हणजे कमीपणाच.

त्यांनी लिहिलं. अडीच ओळींचा मायना, 'राजप्रमुख' हा नवा किताब त्यातच बसवून. भामानं अंगठा उठवला.

ती सुलतान बाजारात एका गाववाल्याच्या घरी भांडी घासून राहू लागली. रोज दुपारी येऊन विचारायची, "आलं का?" अठराव्या दिवशी उत्तर आलं. टाइप केलेली एक ओळ: सदर बाब या कचेरीच्या अखत्यारीत येत नाही, योग्य त्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

योग्य तो अधिकारी कोण? अप्पाराव सतरंजी गुंडाळून तिच्याबरोबर निघाले. सचिवालयात म्हणाले, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणाले, हुकूम वरचा, आम्ही फक्त धरलं. तिसऱ्या ठिकाणी एक कारकून म्हणाला, "खटल्याविना धरून ठेवायचा हा दिल्लीचा नवा कायदा आहे."

"मग दिल्लीला लिहू?"

"नक्को. तुरुंग तर इथल्याच सरकारचा ना!"

त्या आठवड्यात भामा तुरुंगात नवऱ्याला भेटून आली. येऊन सतरंजीच्या कडेला बसली आणि पदराचा काठ नुसता दुमडत राहिली.

"खोकला लई हाय त्यास्नी," शेवटी म्हणाली. "गजाला धरून उभे ऱ्हात्यात. अंधारात तोंड दिसलं नाई."

अप्पारावांनी मनात दिवस मोजले. तीन आठवडे आपल्या मायन्यात गेले. ही बाई म्हणाली तसं आपण लिहिलं, पण तिला माहीत नव्हतं. आपल्याला माहीत असायला हवं होतं.

संध्याकाळी ते प्रतापरावांकडे गेले. प्रतापराव तिशीतले वकील. त्यांच्या वडिलांचे कागद अप्पारावांनीच लिहिलेले.

"माझं चुकलं," अप्पाराव उभ्या उभ्याच म्हणाले. "अर्ज कुणाच्या नावे करायचा तेच कळंना झालंय मला."

प्रतापरावांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"काका, पूर्वी सगळं एका हातात होतं. आता वाटणी झालीय. कायदे करणारे वेगळे, ते चालवणारे वेगळे, आणि चालवणाऱ्यांनी ते नीट चालवले का ते बघणारे वेगळे. पुन्हा काही कामं दिल्लीची, काही इथली, काही दोघांची. घटनेत याद्या आहेत. तुम्ही ज्यांनी धरलं त्यांच्याच दारात फिरत होता."

"मग कुठं जाऊ?"

"तुमच्या पाठीमागच्या भिंतीच्या आत."

अप्पाराव बघतच राहिले. "हायकोर्टात? सरकारच्या कोर्टानं सरकारला हुकूम करायचा?"

"करता येतो. कुणाला धरलं तर का धरलं ते त्याला लवकरात लवकर कळवावं लागतं. कळवलं नसेल, तर त्याला समोर आणा असं कोर्ट सांगू शकतं."

"कोर्ट तर आपल्याकडं आधीपासून वेगळं होतंच की. फर्मान निघालं होतं. मी तेव्हा नवीन होतो."

"हो. पण ते फर्मान होतं. देणाऱ्याला परत घेता येत होतं. आता जो हुकूम काढतो, तोही घटनेच्या कागदाला बांधलेला आहे."

त्या रात्री घरी पत्नी कुसुमताईंनी दोनदा ताट वाढल्याचं सांगितलं तरी अप्पाराव मजकूर लिहीत बसले होते. सकाळी पाच पानं घेऊन ते प्रतापरावांकडे हजर झाले. प्रतापरावांनी वाचलं आणि लाल पेन्सिल उचलली. अडीच ओळी गेल्या. दयाळू, गरीबपरवर, कदमबोसी, सगळं गेलं. तारीख, गाव, नाव, धरल्यापासूनचे दिवस तेवढे राहिले. त्याचं इंग्रजी करून टाइप झालं ते दीड पान.

"आणि दया कुठं मागितली?" अप्पारावांनी विचारलं.

"मागायची नाही, काका."

तो दीड पानाचा कागद अप्पारावांना उघडाबोडका वाटला. अशा कागदावर कुणी माणूस सोडेल यावर त्यांचा विश्वास बसेना. शिवाय तो इंग्रजीत होता. आपल्याच हातानं लिहिलेली हकीकत त्यांना वाचता येत नव्हती. पुढं सगळे अर्ज असेच होणार, हे त्यांना तिथंच कळलं. त्यांनी भामाचा अंगठा कुठं उठवायचा तेवढं विचारून घेतलं.

सुनावणीच्या दिवशी दोघं मागच्या बाकावर बसले. एकतीस वर्षांत अप्पाराव या दालनात पहिल्यांदाच बसत होते. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, अटकेची कारणं या माणसाला कधी कळवली? सरकारी वकिलांनी फाईल चाळली आणि मुदत मागितली.

"माणूस किती महिने आत आहे?"

"सहा, माय लॉर्ड."

"दोन दिवस. कारणं आणा आणि माणूसही आणा."

दोन दिवसांनी माणूस आला, कारणं आली नाहीत. दाराशी शिपायांच्या मध्ये उभ्या असलेल्या दत्तोबाकडे भामानं पाहिलं आणि अप्पारावांना हळूच विचारलं, "त्यो म्हातारा कोन?" मग तो खोकला. तिनं तोंडावर पदर धरला.

न्यायाधीशांनी चार वाक्यं सांगितली. अप्पारावांना त्यातलं एकही कळलं नाही. सरकारी वकील उभे होते, त्यांनी मान लववली आणि फाईल बांधली, तेवढं दिसलं. लगेच पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला. शिपाई दत्तोबाच्या बाजूनं सरकले आणि तो एकटाच उभा राहिला. कुठं जायचं ते त्याला कळेना. शेवटी प्रतापरावांनी हाताला धरून त्याला बाहेर आणलं.

ओसरीत भामा प्रतापरावांच्या पायाकडे वाकली. ते मागं सरले.

"मग कुनाच्या पाया पडू?" तिनं अप्पारावांना विचारलं. "आत बसलेत त्या सायबाच्या?"

"ते आता दुसरं काम बघतायत, बाई. त्यांना तुमचं नावही आठवायचं नाही."

दत्तोबा पुढं सरकला. घसा खाकरून तो म्हणाला, "गावात इचारतील, कुनी सोडलं म्हनून. काय सांगू?"

अप्पारावांना एकतीस वर्षांत लागला नसेल एवढा वेळ एका वाक्याला लागला.

"सांगा, धरायला कारण दाखवता आलं नाही, म्हणून सुटलो."

दत्तोबानं ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं.

दुपारच्या गाडीला अप्पाराव त्यांना काचीगुड्याला पोचवायला गेले. कुसुमताईंनी चार पोळ्या आणि लोणचं बांधून दिलं होतं. डब्यात खिडकीशी जागा मिळाली. अप्पाराव फलाटावर उभे राहिले.  धर्माबादला उतरल्यावर बैलगाडी मिळेल का, एवढं विचारून झालं.

गाडी सुटायच्या आधी एक पोलीस जमादार डब्यात चढला आणि बाकांमधून पुढं येऊ लागला. दत्तोबा उठला. दोन्ही हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला. जमादारानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या डब्यात कुणाला तरी शोधत तो निघून गेला.

"बसा," भामा म्हणाली.

थोड्या वेळानं जमादार परत आला. दत्तोबाचे हात गुडघ्यांवरून उचलले गेले, अंग अर्धवट उठलं. भामानं त्याच्याकडे न बघता पोळ्यांचं गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. दत्तोबानं ते दोन्ही हातांनी धरलं. जमादार बाकाजवळून गेला. दत्तोबा बसून होता.

गाडी हलली. अप्पारावांनी हात वर केला, पण दत्तोबाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो गाठोडं धरून ताठ बसला होता आणि समोर बघत होता.