कार्बोरेटरातला कापूस

सुदेश परब तीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता आणि त्यातला एकही दिवस त्याने पेट्रोलच्या इंजिनावर घालवला नव्हता. डिझेल म्हणजे इंजिन आणि पेट्रोल म्हणजे नखरा, असं तो चारचौघांत ठासून सांगायचा. पण देवाची करणी बघा, निवृत्त होऊन घरी आला तर अंगणात वडलांची पेट्रोल जीप त्याची वाट बघत उभी. कातळावरच्या काजूच्या बागेत दुसरी कुठली गाडी चढायची नाही, म्हणून ती अजून टिकून होती. आणि गेले तीन आठवडे ती गळत होती.

गळती कार्बोरेटरची होती, एवढं नाकालाही कळत होतं. सुदेशने झाकणाखालचं पॅकिंग दोनदा बदललं, नळ्यांच्या क्लिपा आवळल्या, साबणाची वडीसुद्धा चोळून झाली. थेंब काही थांबेना. डेपोतल्या कुणाला विचारावं, तर इतक्या वर्षांच्या फुशारकीची माती झाली असती.

किशोरी, म्हणजे त्याची बायको, पहिला आठवडा गप्प राहिली. पाणी तापवायची चूल मागच्या पडवीत, आणि जीप पडवीला लागून. तिने चूल पेटवायचीच सोडली. गॅसवर पातेलंभर पाणी तापवून नवऱ्यापुढे आदळायची. शेवटी तिचा पारा चढला.

"आयतवारापर्यंत गळती थांबली तर थांबली," ती म्हणाली. "नायतर एकतर ती गाडी ऱ्हवात, नायतर मी. घराक आग लागल्यार काय करतलास?"

नुसतं बोलून ती थांबली नाही. आंबोलीला विनीत नावाच्या माणसाचं छोटं हॉटेल होतं. त्याला फाटकाशी उभी करून फुलांच्या कुंड्या ठेवायला एक जुनी जीप हवी होती. किशोरीने त्याला फोन करून रविवारी चार वाजता बोलावलंसुद्धा. वडलांच्या जीपमध्ये झेंडूच्या कुंड्या!

रविवारी सकाळी त्याने बॉनेट उघडलं आणि नेहमीप्रमाणे हात जोडून गाऱ्हाणं घातलं. गाडीचा साधा नट पिळायचा असला तरी तो गाऱ्हाणं घालायचा.

"बा देवा म्हाराजा! ह्या गाडयेक जी काय इडापिडा आसात, ती आज दूर कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला हुंकार देणारा कुणीतरी लागतो. तो थांबला. स्वयंपाकघरात भांडी वाजत राहिली. मग बऱ्याच वेळाने, अगदी जिवावर आल्यासारखा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

सुदेशने कार्बोरेटर सोडवला, जुन्या ताटात ठेवला, झाकणाचे स्क्रू काढायला घेतले आणि थबकला. झाकणावर हवेसाठी एक बारीक भोक असतं. ते कशाने तरी गच्च भरलं होतं. त्याने तारेने उकरलं, तर तपकिरी, चिकट कापसाचा बोळा हातात आला. त्याने वास घेतला. काजूच्या टरफलांचं तेल! होडीच्या फळ्यांना लावतात ते. आणि त्या तेलाची सबंध घरात एकच बाटली होती, किशोरीच्या माहेरून देवबागहून आलेली.

"किशोरी! ह्या भोकात कापूस कोणी घातलो?"

ती पदराला हात पुशीत बाहेर आली. "मीच घातलंय. बाबा होडयेच्या फटीत असोच घालीत. वरसून काजूचा त्याल. तेंची होडी कधी गळाक नाय."

"अगो, ता भोक हवेचा! थंयसून बुजवलंस तर पेट्रोल दुसरीकडसून भायर येतलाच!"

"माका काय ठावक? थंयसून गळी, थंय बुजवलंय."

सुदेश आणखी ओरडणार होता, पण मध्येच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"पण तूच तर गाडी इकूक काढलंस. मगे बुजवलंस कित्याक?"

किशोरीने मान फिरवली. "बुधवारी तुमी बावीमागे जावन रडलात. माका बघवला नाय."

"मी खंय रडलंय? डोळ्यात पेट्रोल गेलेला."

"बावीमागे पेट्रोल खंयसून इला?"

सुदेशने विहिरीकडे बघायचंच टाळलं. लग्नाच्या दिवशी हीच जीप अर्ध्या वाटेत बंद पडली होती, आणि नव्या नवरीने शालू खोचून तिला धक्का मारला होता. तेव्हापासून किशोरी जीपला सवत म्हणायची. त्या सवतीसाठी हिने माहेरची बाटली काढली, चोरून कापूस ठासला आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही. या बाईवर आपलं फार प्रेम आहे, असं सुदेशला भर अंगणात वाटून गेलं.

"धर ह्या ताट," तो म्हणाला.

त्याने झाकण उचललं. आतल्या वाटीत पितळेचा पोकळ फ्लोट होता. वाटी भरत आली की फ्लोट वर येतो आणि सुई दाबून पेट्रोल बंद करतो. हे त्याने किशोरीला समजावलं. तिने फ्लोट उचलला, कानाशी धरून हलवला.

"ह्येच्यात खळखळता. जाळ्याच्या बोयात पाणी शिरला काय बोयो बुडता, तसाच झाला ह्या."

सुदेशने कपाळावर हात मारला. तीन आठवडे तो बाहेरून पॅकिंग बदलत बसला होता. फ्लोट बुडाला, सुई उघडी राहिली, म्हणून वाटी भरून वाहत होती. डिझेलवाल्याचं हे असं होतं.

किशोरीने कढत पाण्याचं पातेलं गॅसपासून लांब, अंगणात आणून ठेवलं. कळशीची चीर ती अशीच शोधायची. फ्लोट बुडवल्याबरोबर जोडाजवळून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली.

"थंय!" दोघंही एकदम म्हणाली.

आतलं पेट्रोल झटकून त्यांनी फ्लोट दुपारपर्यंत उन्हात वाळवला. मग सुदेशने डाग द्यायच्या विजेच्या कैयाने त्यावर कथलाचा टिपका दिला, अगदी मोहरीएवढा, कारण फ्लोट जड झाला तर पुन्हा बुडायचा. किशोरीने कानाशी धरून हलवला. आवाज नाही. हवेचं भोक साफ करून त्याने सगळं जोडलं. जीप दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. त्याने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि उंबऱ्यावर बसला. इंजिन घटकाभर चालू, घटकाभर बंद, असं चाललं होतं. जेवायलासुद्धा तो ताट घेऊन बाहेरच बसला.

बरोबर चारला विनीत आला. जीपभोवती फिरला, दिव्यांवर हात फिरवला. गाडी त्याच्या मनात भरली होती.

"मग, न्हेव काय?" त्याने विचारलं.

सुदेशने किशोरीकडे पाहिलं. शब्द तिचा होता, आणि तिचा शब्द तो मोडणार नव्हता. किशोरी खाली वाकली. तिने वर्तमानपत्र बाहेर ओढलं, उलटंसुलटं पाहिलं, नाकाशी नेलं. एकही डाग नव्हता. मग नीट घडी घालून काखेत धरलं, जीपसमोर उभी राहिली आणि हात जोडले. आजवर या घरात गाऱ्हाणं फक्त सुदेशने घातलं होतं.

"बा देवा म्हाराजा! हो बरो माणूस आंबोलीसून इतक्या लांब इलो. तेका चाय दी, खाजा दी, आनी हात हलवीत सुखान घराक धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुदेश इतक्या जोरात ओरडला, की शेजारच्या परड्यातूनही कुणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणालं.