लाडीच्या काखेतली लाही

पूर्णेच्या वाटेवर पाण्याला दोन कळप मिसळले. सुगंधाबाईनं आपली मेंढरं तोंडं बघून भराभर ओढून काढली, पण लाडीवर येऊन घोडं अडलं. दुसऱ्या कळपाचा लिंबाजी म्हणाला ही माझी, परवाच्या ताडकळसच्या बाजारात घेतलेली. बाकी मेंढरांचे कान खुणेसाठी कापलेले होते, लाडीचे तेवढे धड. नवरा येडबा कात्री घेऊन आला की सुगंधाबाईच आडवी यायची. आता घ्या निस्तरा!

तिचा पोरगा बिरू गेला त्या सकाळी जन्मलेली ही लाडी. दंगलीचं साल होतं. सकाळी कोकरू पुसताना सात वर्षांच्या बिरूनं त्याच्या काखेतला पांढरा ठिपका दाखवला होता, हिनं काखेत लाही लपवलीय म्हणाला होता. दुपारी त्याला साप डसला. यष्ट्या बंद होत्या. परभणीच्या वाटेवर बैलगाडीतच पोर गेलं. सहा वर्षं झाली, सुगंधाबाईच्या काळजाचा तुकडा म्हणून उरली ती एवढी मेंढी.

ज्यांच्या रानात मेंढरं बसली होती ते किशनराव पंच झाले. त्यांनी मेंढी गोठ्याआड बांधली अन् खूण विचारली. लिंबाजी म्हणाला, दोन दिवसांत खूण काय बघणार? सुगंधाबाईनं डोळे मिटून सांगितलं, डाव्या काखेत, लोकरीच्या आत, लाहीएवढा पांढरा ठिपका. लोकर बाजूला सारली. आत सगळं काळंभोर. तिनं थुंकी लावून चोळून पाहिलं. लोकरीची कातरणी दरसाल येडबाच करायचा, त्यामुळं त्या सकाळनंतर तिनं तिथं कधी पाहिलंच नव्हतं.

किशनरावांनी दोर लिंबाजीला द्यायला सांगितला तेव्हा येडबाला बोलणं भाग पडलं.

"मालक, ती खोटं न्हाई बोलत. ठिपक्याचं कोकरू तिसऱ्या दिशी मेलं. ही दुसरी हाय, जुळ्यातली. पोट फुगलं म्हनून बेंबीमागं मी तापल्या सळईनं डाग दिला व्हता. बघा."

बेंबीमागं डाग सापडला. लिंबाजी भला माणूस, त्यानं मुकाट्यानं दोर सोडला. पण सुगंधाबाईनं तो धरला नाही. मला कसं कळलं नाही, एवढंच तिनं विचारलं. येडबा खाली बघत म्हणाला, महिनाभर तू शुद्धीवर कुठं व्हतीस. कोकरू मेलं हे सांगितलं असतं तर तूबी गेली असतीस.

तिनं तो महिना आठवून पाहिला. काहीच हाती लागेना. सकाळचं बिरूचं बोलणं मात्र शब्दन् शब्द उभं होतं, अन् बैलगाडीतली ती दुपारही. आता तिला त्या दुपारच्या आठवणीचीच भीती वाटली.

"बिरूला शेवटचं पाणी मीच पाजलं," ती म्हणाली. "पाजलं व्हतं ना?"

"पाजलं," येडबा लगेच म्हणाला.

हीच ती लाडी, हेही तो सहा वर्षं असंच लगेच सांगत आला होता. तिनं पुन्हा विचारलं नाही.